‘प्लीज’ लिहूनही मेल उर्मट का वाटला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करता, क्लायंट इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला आहे. लॉग फाइल्स, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, तीन दिवस मिळेनात म्हणून तुम्ही मेल केला. त्यात ‘प्लीज’ होतं, ‘काइंडली’ही होतं. तरी तिकडच्या मॅनेजरबाईंनी तुमच्या टीम लीडला फोन करून ‘टोन जरा शार्प वाटला’ असं सांगितलं. आता तुम्ही विचारताय की यात शार्प काय होतं, आणि ‘आय वॉज वंडरिंग’, ‘वुड इट बी पॉसिबल’ असलं गोल गोल बोलणं म्हणजे निव्वळ नाटक नाही का.

मी सोळा वर्षं सॉफ्टवेअर कंपन्यांत डिलिव्हरी सांभाळली, त्यातली बहुतेक इंग्लंडच्या क्लायंटबरोबर. गेली नऊ वर्षं इथल्या मुलामुलींना मेल लिहायला आणि कॉलवर बोलायला शिकवते. तुमच्यासारखे मेल मी स्वतःही भरपूर लिहिले आहेत, त्यामुळे वरच्या पायरीवरून बोलत नाहीये.

आधी तुमचा मेल पाहू. ‘डिअर मॅम, प्लीज सेंड द लॉग्ज टुडे इटसेल्फ. व्हाय द ॲक्सेस इज नॉट गिव्हन यट? वी आर वेटिंग सिन्स मंडे. काइंडली डू द नीडफुल.’ व्याकरणाच्या चुका आहेत, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नाही. भारतातून, पोलंडमधून, ब्राझीलमधून येणारं असलं इंग्रजी ती बाई रोज वाचते. तिला खटकलं ते वेगळंच.

‘प्लीज’पासून सुरुवात करते, कारण सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर. देवळाबाहेर पाटी असते, ‘कृपया चपला येथे काढाव्यात’. त्यात ‘कृपया’ आहे म्हणून चपला काढायच्या की नाही हे तुमच्या मर्जीवर सोडलंय असं कुणाला वाटतं का? विमानात ‘प्लीज फासन युअर सीट बेल्ट’ म्हणतात, तेही तसंच. आज्ञार्थी क्रियापदाला प्लीज लावलं तरी आज्ञा ती आज्ञाच; फक्त तिला हार घातलेला असतो. जिथे समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथे ‘प्लीज सेंड’ शोभतं. ज्याच्याकडे तुम्ही मागायला गेलात, त्याला ते हुकमासारखं लागतं. त्यावर ‘टुडे इटसेल्फ’, म्हणजे आपल्या ‘आजच’मधला ‘च’ उचलून इंग्रजीत नेऊन ठेवलाय. मराठीतही ‘च’ म्हणजे टेबलावर मारलेली थाप असते. ‘आज द्या’ आणि ‘आजच द्या’ यातला फरक तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आपली गंमत अशी की घरात आपण ‘कृपया’ कधी म्हणतच नाही. आईला ‘कृपया मीठ दे’ म्हणून बघा, ती हातातलं टाकून विचारेल, बरं वाटतंय ना तुला? कृपया हा पाट्यांचा, अर्जांचा आणि रेल्वेच्या घोषणांचा शब्द. मग मराठी माणूस नम्रपणे मागतो कसा? शेजारच्या काकांकडे शिडी हवी आहे. तुम्ही दारात उभे राहता आणि म्हणता:

‘काका, एक काम होतं. शिडी मोकळी आहे का जरा? लागत असेल तर राहू दे हं, मी संध्याकाळी येईन.’

हे वाक्य हळू वाचा, माझा अख्खा वर्ग या एका वाक्यावर चालतो. काम आत्ता आहे, शिडी आत्ता हवी आहे, तरी म्हणालात ‘काम होतं’. भूतकाळ. ‘शिडी द्या’ म्हणाला नाहीत. शिडी मोकळी आहे का एवढंच विचारलंत, म्हणजे प्रश्न शिडीबद्दल झाला, काकांच्या मनाबद्दल नाही. मधे एक ‘जरा’ टाकलात, ज्याचा शिडीच्या आकाराशी काही संबंध नाही. शेवटी नकाराचं कारणही तुम्हीच काकांच्या हातात ठेवलंत. काकांना द्यायची नसली तर त्यांना खोटं बोलावं लागत नाही, ‘हो रे, आज जरा लागणार आहे’ म्हटलं की झालं. सगळ्या वाक्यात प्लीजचा पत्ता नाही.

आता लीड्समधला माणूस शेजाऱ्याकडे शिडी कशी मागेल? ‘हाय, आय वॉज वंडरिंग इफ यू वर यूझिंग युअर लॅडर टुडे. नो वरीज इफ यू आर.’ सांधे जिथल्या तिथे आहेत बघा. ‘काम होतं’च्या जागी ‘आय वॉज वंडरिंग’. मोकळी आहे का, त्याच्या जागी ‘यूझिंग’चा प्रश्न. ‘राहू दे हं’च्या जागी ‘नो वरीज’. ज्याला तुम्ही नाटक म्हणताय ते तुम्ही लहानपणापासून करताय, आणि चांगलं करताय. ऑफिसात इंग्रजी लिहायला बसलात की मात्र डोक्यात शिडी मागणारा मुलगा नसतो, शाळेत अर्ज लिहिणारा मुलगा असतो. ‘कृपया रजा मंजूर करावी ही विनंती’ हे मराठी तुम्ही इंग्रजीत नेताय. ‘काका, एक काम होतं’ हे मराठी न्या.

या भूतकाळाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इंग्रजीतली निम्मी नम्रता क्रियापदात असते आणि आपण ती शब्दांत शोधत बसतो. ‘आय वॉन्टेड टू आस्क’, ‘आय वॉज होपिंग’, ‘आय वॉज वंडरिंग’ यांत घडून गेलेलं काहीही नाही. मागणी भूतकाळात ठेवली की ती हातभर लांब जाते. समोरच्याने ‘जमणार नाही’ म्हटलं तर ‘असू दे, सहज मनात आलं होतं’ म्हणून दोघांनाही अब्रूनिशी घरी जाता येतं. ‘कुड’, ‘वुड’, ‘माइट’ यांचंही तसंच. तीही मुळात ‘कॅन’, ‘विल’, ‘मे’ यांची भूतकाळाची रूपं. ‘वंडरिंग’ला जो ‘इंग’ लागलाय तो आणखी एक पाऊल मागे सरतो: विचार अजून चाललाय, पक्का झालेला नाही. आपण फोनवर ‘नाव काय म्हणालात?’ असं विचारतो, समोरचा अजून काही म्हणालेला नसला तरी. तिकडची रिसेप्शनिस्टही ‘व्हॉट वॉज द नेम?’ विचारते. दोन्हीकडे तीच युक्ती.

हा योगायोग नाही. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी १९७८ मध्ये शिष्टाचाराच्या भाषेवर एक सिद्धान्त मांडला, १९८७ मध्ये तो स्वतंत्र पुस्तक म्हणून आला. त्यांनी मुख्यतः तीन भाषा घेतल्या होत्या: इंग्रजी, मेक्सिकोतल्या माया लोकांची त्सेल्ताल, आणि आपल्या शेजारची तमिळ. त्यांचं म्हणणं असं की माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. एक, लोकांनी मला आपलं म्हणावं. दुसरी, लोकांनी माझ्यावर काही लादू नये. तुम्ही कुणाकडे काही मागता तेव्हा त्या दुसऱ्या गोष्टीवर पाय देता. पाय किती जोरात पडतोय हे तीन गोष्टींवर ठरतं: ओळख किती जवळची, कोणाचा अधिकार मोठा, आणि मागणी केवढी.

आपली गोची यातल्या अधिकाराच्या काट्यावर होते. आपण साहेबाशी बोलताना मऊ होतो आणि बरोबरीच्याला किंवा हाताखालच्याला ‘ते पाठव लगेच’ म्हणतो. त्यात त्यालाही काही वाटत नाही, कारण आवाजात आपुलकी असते, वर चहा असतो. इंग्लंडच्या ऑफिसात वरचा माणूसही खालच्याशी मऊच बोलतो. डायरेक्टर ट्रेनीला म्हणेल, ‘वुड यू माइंड सेंडिंग मी दॅट बाय थ्री?’ आपल्याला वाटतं, काय विनयशील माणूस, विनंती करतोय. ती विनंती नाही. तीन वाजता फाइल नसली तर काय होतं ते त्या ट्रेनीला विचारा.

दुसरं टोकही आहे. मोठ्या मागणीचं वाक्य छोट्या कामाला लावलं तर टोमणा होतो. मीटिंगमध्ये कुणाच्या माइकमधून कुत्रं भुंकताना ऐकू येतंय आणि तुम्ही म्हणालात, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली गो ऑन म्यूट’, तर तो माणूस चपापेल. नवऱ्याला ‘आपण दार लावण्याची तसदी घ्याल का’ म्हटल्यासारखं ते. तिथे ‘कुड यू म्यूट, प्लीज?’ पुरे. लिंक हवी आहे, ‘कॅन यू सेंड मी द लिंक?’ पुरे. दोन तास लागणारं काम, दुसऱ्याच्या टीमचा माणूस, शुक्रवारची संध्याकाळ, असं काही असलं की मग ‘वुड इट बी पॉसिबल’ आणि ‘वंडरिंग’ काढा. आमच्याकडे एक मुलगा प्रत्येक मेलमध्ये ‘मे आय हम्ब्ली रिक्वेस्ट यू टू काइंडली प्लीज’ लिहायचा. क्लायंटला वाटलं, हा चिडून टोमणे मारतोय. बिचारा घाबरून लिहीत होता.

‘वुड यू माइंड’चा सापळा सांगून ठेवते. त्याचा अर्थ ‘तुमची हरकत आहे का’. त्यावर आपण उत्साहाने ‘यस, यस, शुअर’ म्हणतो, म्हणजे हो हो, हरकत आहे. समोरचा समजून घेतो, पण एक क्षण थबकतो. ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा. याचाच भाऊ म्हणजे नकारार्थी प्रश्न, आणि तो महागात पडतो. एका रिलीजच्या रात्री तिकडून बिल्डबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्तीबद्दल, विचारणा झाली, ‘सो द बिल्ड हॅजन्ट गॉन आउट यट?’ आमच्या मुलाने मराठी मनाने उत्तर दिलं, ‘यस.’ म्हणजे, हो, बरोबर, नाही गेलेलं. समोरच्याने ऐकलं, हो, गेलं. त्याने पुढच्या टीमला उठवलं, त्यांनी जुन्याच बिल्डवर दोन तास टेस्टिंग केलं. मराठीत ‘हो, नाही आला’ हे अगदी सरळ वाक्य आहे. आपण प्रश्नकर्त्याशी सहमत होतो. इंग्रजीत वस्तुस्थितीशी सहमत व्हायचं: ‘नो, इट हॅजन्ट.’ एकाक्षरी उत्तर देऊच नका, पूर्ण वाक्य बोला, म्हणजे प्रश्न मिटला.

आता तुमच्या मेलमधलं दुसरं वाक्य, ‘व्हाय द ॲक्सेस इज नॉट गिव्हन यट?’ मला विचाराल तर खरा घाव हा आहे, प्लीज नव्हे. ‘का नाही दिला?’ हा प्रश्न पोलिस विचारतात, हेडमास्तर विचारतात. त्याचं उत्तर म्हणजे कबुलीजबाब. माणूस बाजूला काढा आणि वस्तूबद्दल बोला. ‘इज देअर एनीथिंग होल्डिंग अप द ॲक्सेस?’ म्हटलं की तुम्ही आणि ती एका बाजूला, अडलेला ॲक्सेस दुसऱ्या बाजूला. मराठी यात तर उस्ताद आहे. ‘तू डबा विसरलास’ याऐवजी ‘डबा राहिला वाटतं’. ‘मी कप फोडला’ याऐवजी ‘कप फुटला’. डबा आपोआप राहतो, कप आपोआप फुटतो, घरात शांतता नांदते. इंग्रजीत ‘यू हॅव मेड अ मिस्टेक इन द शीट’ याऐवजी ‘देअर सीम्स टू बी अ मिसमॅच इन रो ट्वेल्व्ह’. चूक तिचीच आहे हे तिला कळतंच. तुम्ही बोट दाखवलं नाही एवढंच.

काही सुटे शब्द भरभर सांगते. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्याला शंका विचारायची असते. त्यांना ऐकू येतं की तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘काइंडली’ आज तिकडे बहुतेक सूचनाफलकांवर किंवा दटावताना दिसतं. ‘डू द नीडफुल’ जुन्या सरकारी इंग्रजीतलं आहे, साहेब गेला आणि ते आपल्याकडे ठेवून गेला. ते उर्मट नाही, पण नेमकं काय करायचं हेही त्यातून कळत नाही. ‘ॲज ऑलरेडी इन्फॉर्म्ड’ म्हणजे ‘सांगितलं होतं ना!’ ‘ॲक्च्युअली’ आपण श्वास घेतल्यासारखं दर वाक्याला वापरतो; त्यांच्या कानाला ते ‘तुम्ही म्हणता तसं नाहीये, मी सांगतो’ असं लागू शकतं. आणि ‘डिअर मॅम’ नको. पहिल्या नावाने हाक मारा. मला स्वतःला पंचावन्न वर्षांच्या माणसाला नुसतं नावाने बोलवायला वर्ष लागलं, जीभच वळेना. पण तिथे ‘सर’ म्हणणं म्हणजे दोघांच्या मधे काउंटर आणून ठेवणं.

इथवर बोलण्याचं झालं. माझ्या अनुभवात जास्त नुकसान ऐकण्यात होतं.

माझं क्लायंटबरोबरचं दुसरं वर्ष. डिझाइनच्या कॉलवर त्यांचा आर्किटेक्ट म्हणाला, ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट द रिपोर्टिंग मॉड्यूल.’ मी वहीत प्रामाणिकपणे नोंदवलं: रिपोर्टिंग, पुन्हा पाहणे, ऐच्छिक. वेळ मिळाला नाही, पाहिलं नाही. तीन आठवड्यांनी डेमोत नेमकं तेच मॉड्यूल आपटलं आणि तो शांतपणे म्हणाला, ‘वी डिड फ्लॅग धिस.’ माझ्या साहेबांनी त्या कॉलच्या मिनिट्स, म्हणजे नोंदी, काढल्या, त्यात माझ्याच अक्षरात ‘ऐच्छिक’. तो दिवस मी विसरलेले नाही. ‘यू माइट वॉन्ट टू’ म्हणजे ‘कराच’. ‘आय अ‍ॅम नॉट एंटायरली कन्व्हिन्स्ड’ म्हणजे पटलेलं नाही. ‘दॅट्स अ ब्रेव्ह अप्रोच’ ऐकलंत तर फाइल बंद करून नवीन उघडा. ‘क्वाइट गुड’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर बहुधा ‘ठीक आहे’, अमेरिकन म्हणाला तर ‘खूप छान’. ‘लेट्स टेबल इट’चं तर उलटच आहे: लंडनला त्याचा अर्थ चर्चेला घेऊ, न्यूयॉर्कला बाजूला ठेवू.

आपल्यालाच हे कळत नाही असंही नाही. कोरियाच्या युद्धात एप्रिल १९५१ मध्ये इम्जिन नदीच्या काठी ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी सैन्याचा प्रचंड हल्ला झाला. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडीने वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याला परिस्थिती कळवली ती ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर’ अशा शब्दांत, असा किस्सा नेहमी सांगतात. ब्रिटिश कानाला ते ‘आम्ही बुडतोय’ असं ऐकू आलं असतं. अमेरिकन कानाला वाटलं, अडचण आहे पण निभावतील. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर वेढली गेली, तिच्यातले बहुतेक जण मारले गेले किंवा युद्धकैदी झाले. इंग्रजी दोघांचीही मातृभाषा होती.

अमेरिकन क्लायंटचं वेगळं असतं. तो आधी भरभरून कौतुक करतो, ‘आय लव्ह धिस, ग्रेट जॉब’, आणि मग हळूच म्हणतो, ‘वन थिंग...’. निरोप त्या ‘वन थिंग’नंतर सुरू होतो; आपली मंडळी कौतुकाचा स्क्रीनशॉट घेण्यात गुंग असतात. डच आणि जर्मन माणसं माझ्या अनुभवात बरीच सरळ बोलली. त्यांना ‘वंडरिंग’ लिहिलं तर एकाने मला विचारलं होतं, ‘यू वॉन्ट इट ऑर नॉट?’ तेव्हा कोणाशी बोलताय ते बघा.

उलट दिशेची अडचणही सांगायला हवी. आपली स्वतःची आडवळणं इंग्रजीत जशीच्या तशी गेली की घात करतात. लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघतो, जमलं तर येतोच’ म्हटलं की दोघांनाही कळतं, हा येत नाही. त्याच मनाने आपण कॉलवर म्हणतो, ‘आय विल ट्राय.’ समोरचा ते होकार समजून आपल्या प्लॅनमध्ये तारीख टाकतो. मग गुरुवार उजाडतो आणि तो विचारतो, ‘यू सेड थर्सडे.’ आपण मनात म्हणतो, मी कुठे म्हणालो, मी तर ट्राय म्हणालो होतो! भारतीय लोक नाही म्हणत नाहीत हा जो लौकिक आहे तो बऱ्याच अंशी या एका शब्दाने मिळवलाय. आपण नाही म्हणतो, रोज म्हणतो, पण आपल्या खुणांनी म्हणतो आणि त्या खुणा सीमेपलीकडे चालत नाहीत. नकार द्यायचा तर आधी थोडी खंत, मग नकार नीट, मग काय देऊ शकतो ते: ‘आय अ‍ॅम अफ्रेड थर्सडे वोन्ट वर्क. आय कॅन डू मंडे मॉर्निंग.’ ‘आय अ‍ॅम अफ्रेड’मध्ये भीती नाही, ते आपलं ‘काय आहे ना’ आहे.

हे सगळं कधी सोडून द्यायचं तेही शिकून घ्या. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावर बर्फ पडत होतं. एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ धावपट्टीवर वेग घेत होतं. इंजिनांवर बर्फ साचू न देणारं यंत्र बंद राहिलं होतं, बर्फाने सेन्सर बुजले होते, त्यामुळे काटे खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवत होते. सहवैमानिकाला गडबड दिसली. तो म्हणाला, ‘दॅट डोन्ट सीम राइट, डझ इट?’ कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे. सहवैमानिक पुन्हा म्हणाला, मला नाही वाटत बरोबर आहे. आणि लगेच स्वतःच माघार घेतली, ‘अ, मेबी इट इज.’ थोड्याच वेळात विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात गेलं. पुलावरचे चौघे धरून ७८ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण ते ‘मेबी इट इज’ मी दर वर्गात फळ्यावर लिहिते. हाताखालच्याने वरच्याला धोका कसा सांगायचा हे वैमानिकांना त्या सुमारापासून रीतसर शिकवायला लागले. इस्पितळांतही अशी एक तीन पायऱ्यांची पद्धत शिकवतात: आधी ‘आय अ‍ॅम कन्सर्न्ड’, मग ‘आय अ‍ॅम अनकम्फर्टेबल’, आणि तरी ऐकलं नाही तर ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’.

आपल्या कामात माणसं मरत नसतील, पण डेटा उडतो, लोकांचे पगार अडकतात. कुणी प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमवर, चुकीची स्क्रिप्ट चालवतोय असं दिसलं तर ‘आय वॉज वंडरिंग’ म्हणू नका. ‘प्लीज स्टॉप. धिस इज द प्रॉडक्शन डेटाबेस.’ इथे प्लीज आणि आज्ञार्थ दोन्ही आपापल्या जागी बसतात, देवळाच्या पाटीसारखे.

राहिला तुमचा नाटकाचा प्रश्न. आजी जेवताना ‘घे ना अजून एक’ म्हणते, आपण ‘नको नको’ म्हणतो, ती वाढते, आपण खातो. यात कोणी कोणाशी खोटं बोललं? दोघांनाही नियम माहीत असले की त्याला खोटं म्हणत नाहीत. तुम्हाला ‘वंडरिंग’ खोटं वाटतं ते तुम्ही त्याचा शब्दशः अर्थ घेता म्हणून. एक मात्र कबूल करते: गोड शब्दांच्या आड काम टाळणारे लोक तिकडेही खूप आहेत, आणि सहा ओळींचा मेल वाचून शेवटी काहीच मागितलेलं नाही असंही होतं. मला त्याचा तुमच्या मेलपेक्षा जास्त राग येतो. मऊ लिहा, पण तारीख लिहा, नेमकं काय हवं ते लिहा, नसेल मिळालं तर काय अडेल ते लिहा.

तुमचा मेल मी असा लिहिला असता. आरंभी तिचं पहिलं नाव, मग: ‘आय वॉज वंडरिंग इफ देअर वॉज एनी न्यूज ऑन द लॉग्ज फ्रॉम मंडे. वी कान्ट फिनिश द पेमेंट टेस्ट्स विदाउट देम, सो आय अ‍ॅम अ बिट वरीड अबाउट फ्रायडेज डेट. इफ द ॲक्सेस इज स्टक समव्हेअर, लेट मी नो हू टू चेज अँड आय विल पिक इट अप. इफ वी कुड हॅव देम बाय टुमॉरो नून, वी शुड स्टिल बी फाइन.’ तुमच्या मूळ मेलमधलं सगळं यात आहे. सोमवारपासून वाट बघतोय हे आहे, उशीर झालाय हे आहे, आणि शेवटच्या वाक्यात धमकीसुद्धा आहे: उद्या दुपारपर्यंत आलं नाही तर शुक्रवार गेला. ‘अ बिट वरीड’ वाचून ती बाई खुर्चीत सरळ बसेल, तुम्ही ‘एक्स्ट्रीमली अर्जंट’ लिहिलं असतंत तर बसली नसती. तुमच्या लीडला सीसीत ठेवू नका, निदान पहिल्या मेलला तरी नाही. सीसी म्हणजे चारचौघांत विचारणं.

झालेल्या मेलबद्दल लांबलचक माफी लिहू नका, त्याने तिलाच अवघडल्यासारखं होईल. पुढच्या कॉलवर सुरुवातीला एकच वाक्य: ‘सॉरी इफ माय नोट केम अक्रॉस अ बिट शार्प.’ ती लगेच म्हणेल, ‘ओह नो, नॉट ॲट ऑल.’ त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ‘थँक्स’ म्हणायचं आणि लॉग्जच्या विषयाकडे वळायचं.